भाकरी थापल्याचा आवाज

तुम्ही माझ्या आवाजाचं कौतुक करता, पण एकदा त्याच्यापायी माझं काम जाता जाता राहिलं. तंबू टॉकीजची जाहिरात मी घरीच टेपवर बोलून द्यायची. जीपला भोंगा लावून ती बसवकल्याणच्या आसपास गावोगाव वाजायची. एक दिवस जीपवाला इरण्णा कॅसेट परत घेऊन आला.

"अक्का, आवाज खराब यायलाय. मालक दुसरी बाई बघायलाय."

"खराब म्हंजे कसा?"

"खराब म्हंजे खराब."

नवऱ्याला ऐकवली, तर तो म्हणाला, "झकास." दोघंबी बिनकामाचे. शेवटी मंठाळच्या आत्याला ऐकवली.

"आवाज बेस हाय गं," आत्या म्हणाली. "पण तू बोलायलीस तवा बाजूला भाकरी कोण थापायलंय?"

भाकरी कुठली? जोरात बोलताना मीच टेपच्या टेबलावर हात आपटत होते. माझा जीव भांड्यात पडला. गळा शाबूत होता, खोड हाताची होती.

लगेच दुसरी कॅसेट भरली. बोलताना दोन्ही हात नवऱ्याला धरून ठेवायला लावले. मालकानं ती कॅसेट ऐकली आणि काम माझ्याकडंच ठेवलं.

नवरा म्हणाला, "लग्नात बी तुझा हात एवढा घट्ट धरला न्हवता."

म्हटलं, "तवा मी बोलत कुठं होते?"