आमच्या विहिरीवर वीज न्हाई

आन् तो सोलरचा साहेब मला म्हणतो, तुम्हाला सांगतो, चहात बिस्कुट बुडवता बुडवता म्हणतो, "तुमच्या विहिरीवर वीज आहे का न्हाई, ते आधी घरी बसून ठरवा!" ठरवा? अरे, माझा सख्खा मोठा भाऊ परमेश्वर त्याच विहिरीवर करंट लागून मेला, माझ्या डोक्यावर अजून बराबर केस आले न्हाईत, आन् मी ठरवू?... मंग हात उठला ना माझा! टेबलावरची काच फोडली. काचेखाली देवाचा फोटो निघाला, त्याला हात जोडले, आन् मंग खुर्ची फेकली.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ गेला आन् ह्याला विहिरीवर सोलरचा पंप कशाला सुचतोय? कावळ्यामुळं! हसू नका. दहाव्याला पिंड ठेवला, कावळे बाभळीवर लाईन लावून बसलेले, पण एक बी खाली यीना. माय म्हणली, "परमेश्वरा, तुझ्या लेकरांला शिकवीन रे." यीना. बाप, आमचे अण्णा, म्हणले, "तुझ्या बायकोला लेकीवाणी सांभाळीन." एक कावळा तर पाठ फिरवून बसला! माझं डोकं सटकलं, दगड उचलला आन् वरडलो, "दादा, सोलर बसवतो! आकडा पुन्हा कुणालाच टाकू देत न्हाई! आता खाली ये, न्हाईतर हाणतो!"... आला. माझ्या हातात दगड तसाच, आन् कावळा भात खाऊन राह्यला. घरी न जाता सरळ विहिरीवर गेलो, कुऱ्हाडीनं वायर तोडली, स्टार्टर ठेचून ठेचून त्याचा चुरा केला.

आकडा म्हंजे काय, मीटर मागून मागून दादा थकला, मंग वेळूला वायर बांधायची आन् खांबावरच्या तारेला अडकवायची. आमच्या धावडा गावात काय आम्ही एकटेच आकडा टाकून राह्यलो? आन् सोलरचा अर्ज बी अण्णांच्या नावानं दादानंच भरल्ता! ज्याच्या विहिरीवर वीज न्हाई त्यालाच अनुदान, असा नियम. दादानं लिहिलं, वीज न्हाई. मीटरच न्हाई तर वीज कुठली? मंजूर बी झाल्ता हो! आन् तेवढ्यात हा मेला. आता साहेब म्हणतो, "अर्जात वीज न्हाई, आन् पोलिसांच्या पंचनाम्यात विजेच्या धक्क्यानं मयत. दोन्हीतलं एक खोटं!" म्हणलं, मयत तर खरं आहे ना, साहेब? ते तर धरता का खरं?

मंग वीजवाल्यांकडं गेल्तो. तिथला साहेब लई गोड. पंखा माझ्याकडं फिरवला, पाणी दिलं. "आमच्या हिशेबात तुमच्या विहिरीवर वीज न्हाई. बिलकुल न्हाई. लिहून देतो." म्हणलं, मंग माझा भाऊ कशानं मेला? तर म्हणतो, "नसलेल्या विजेनं माणूस मरत नसतो, दादा." मला! मला दादा म्हणला तो!... मंग हात उठला ना माझा! कूलर पाण्यासकट पालथा केला, दोन शिपायांनी मला त्याच पाण्यात आडवा पाडला, मी एकाच्या छातीला चावलो, तोंडात शर्टाचं बटन आलं. ते थुंकायच्या आत साहेबानं कागद करून दिला. वीज न्हाई! शिक्क्यासहित!

तो घेऊन परत सोलरवाल्याकडं. टेबलाला नवी काच. म्हणतो, "छान! आता अण्णांकडून स्टँपवर एवढंच लिहून आणा, मुलगा हृदय बंद पडून वारला." म्हणलं, खोटं लिहून देऊ? तर म्हणतो, "अहो, शेवटी सगळ्यांचं हृदयच बंद पडतं. ह्याच्यात खोटं काय?"... मंग हात उठला ना माझा! पण दारात दोन पोलीस उभे. आता उठलेल्या हाताचं काय करायचं? स्वतःच्याच कानाखाली मारून घेतली आन् निघालो.

घरी येऊन बघतो तर काय? मिरची माना टाकून राह्यली, आन् आमचे अण्णा वेळूला नवी वायर बांधत बसलेले!

"अण्णा, ठिवा ते खाली!"

"मंग मिरचीला पाणी तुझा बाप पाजल का?"

"माझा बाप मरायला निघालाय!"

"सोड! मोठा आला शिकवणारा!"

मंग हात उठला ना माझा... बापावर. आन् रेणू वहिनी कुठून मधी आली काय म्हाईत, ती थप्पड तिच्या गालावर बसली. हातातली घागर फुटली. माय वरडली, "आदिनाथ! मुडद्या!" वहिनी रडली न्हाई. गाल धरून म्हणली, "भावजी, हृदयानं गेले म्हणा. द्या लिहून. न्हाईतर उद्या अण्णांचं काय लिहायचं, ते बी त्या साहेबालाच जाऊन विचारा."

दिलं लिहून. अण्णांनी अंगठा केला, साक्षीदार मी. जल्दी आलं मंग सगळं, फाटे न फोडता.

परवा साहेब स्वतः आल्ता, मोबाईलवर आमचा व्हिडिओ काढायला. मिरची हिरवीगार, पाटाला पाणी, मागं सोलरची निळी पाटी चकचकून राह्यलेली. मला उभं केलं, शर्टाची बटनं लावायला सांगितली आन् म्हणला, "बोला आदिनाथराव, सोलरमुळं काय फायदा झाला?"

म्हणलं, "जीव जायचे वाचले, साहेब."

तो मोबाईल खाली न घेता म्हणतो, "अरे वा! का, आधी कुणाचा गेल्ता का?"

तुम्हाला सांगतो, मी एकदा विहिरीकडं बघितलं.

"न्हाई साहेब," म्हणलं, "कुणाचाच न्हाई."