धोंडूचा होकार

हसले, सगळेच हसले, मी कुठे नाही म्हणतो — सरकारी वकील हसले, टायपावर बसते ती रश्मी हसली, मागच्या बाकावरचे पोलीस तर पोट धरून — पण मॅडम, जज्जसाहेब हसले नाहीत, हे ध्यानात घ्या. साहेब घाटावरचे, इथं येऊन चार महिने झाले, त्यांना काय कळणार? त्यांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, आणि धोंडू म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्यांना वाटलं, जुन्या वळणाचा माणूस, मान देतोय. समजून-उमजून सांगताय ना? — व्हय म्हाराजा. कुणाच्या दबावाखाली बोलत नाही ना? — व्हय म्हाराजा. आता इथं तरी कुणी थांबायला हवं होतं की नको? हवं होतं. पण बोर्डावर बेचाळीस प्रकरणं, जेवायची वेळ टळत आलेली, साहेबांनी लिहून टाकलं, आरोपीस गुन्हा कबूल. शिक्षेची तारीख आजची. मग विचारलं, शिक्षेवर बोलायला सरकारी खर्चानं वकील देऊ का, त्यालाही तो तेच म्हणाला, म्हणून तर तुमची नेमणूक झाली — तेवढा एक होकार त्याच्या कामी आला, बाकी सगळे अंगावर.

तुम्ही जयराम गुरुजींची नात ना? मग गाऱ्हाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको — की बंगळुरात पाच वर्षं राहून विसरलात? नाही, माझं म्हणणं लिहायचंच आहे तर नीट लिहा, साहेबांना कळलं पाहिजे. देवळात मानकरी देवासमोर उभा राहतो, एकेक मागणं म्हणतो — बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सुखात ठेव — आणि मागे उभा असलेला गाव एका आवाजात म्हणतो, व्हय म्हाराजा. काय मागितलं ते ऐकायचीसुद्धा गरज नसते हो, आवाज थांबला की म्हणायचं. आमच्या गावात गाऱ्हाण्याचा मान आमच्या घरात, थोरला भाऊ म्हणतो, तो आजारी असला तर मी. आणि धोंडूचा आवाज सगळ्यांत वर. बोटीवर खलाशी होता तो, नऊ वर्षांपूर्वी बिघडून परत आला, तेव्हापासून वाऱ्याशी बोलतो, जेवताना मध्येच उठून जातो, त्याची बहीण विमला, तिलाही कधी ओळख देत नाही — पण गाऱ्हाण्याला चुकत नाही. तेवढा वेळ गाव त्याला शहाणा धरतं.

त्या होड्यांचं म्हणाल तर त्यानंच सोडल्या, भर दुपारी, जेटीवर दहा माणसं बघत असताना. तीन होड्यांचे दोर कापले. का? तर म्हणे त्या रडत होत्या. दोन सापडल्या, एक खडकावर जाऊन फुटली, ज्याची फुटली त्यानं तक्रार केली, त्याचं तरी काय चुकलं, त्याचं घर तिच्यावर चालतं. पोलिसांनी नेलं, डोक्याच्या गोळ्या घरीच राहिल्या, विमला डबी घेऊन दोनदा गेली तर डॉक्टरची चिठ्ठी आण म्हणाले.

आणि तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर हो. आधी डॉक्टर, मग प्रश्न. कोर्टात एक तरी माणूस असा हवा, जो आरोपीशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलेल. कायद्यात आहेच, साहेबांना शंका आली तर तपासणीला पाठवलंच पाहिजे — वाचून दाखवलंत मघाशी, पटलं मला. पण मॅडम, शंका यायला माणूस दिसायला नको? साहेबांसमोर तो उभा असतो दोन मिनिटं. माझ्यासमोर इथं व्हरांड्यात तीन तास बसलेला असतो. तीस वर्षं दारात उभा आहे मी, कोण खोटा रडतो, कोण खरा घाबरलाय, कुणाचं डोकं ठिकाणावर नाही, हे पहिलं पट्टेवाल्याला कळतं, आणि त्याला कोणी विचारत नाही. त्या दिवशी धोंडू बाकाखाली शिरत होता. पोलिसानं हात धरला की किंचाळायचा. आत जाऊन असाच किंचाळला तर? साहेब चिडतील, पोलीस मारतील — म्हणून मी त्याच्याजवळ बसलो, म्हटलं, धोंडू, थंयसर मोठे साहेब बसतत, ते काय इचारतीत तेका देवळात म्हणतस तसा म्हण. लगेच शांत झाला बघा. केस सारखे केले, सदऱ्याचं बटण लावलं —

का थांबलात? लिहीत होतात ना?

नाही नाही, ते लिहायचं नाही. ते मी तुम्हाला म्हणून सांगितलं. तुम्ही एवढंच लिहा की आमच्याकडे अशी रीत आहे, त्याला सवय आहे, सवयीनं बोलला. ते खोटं थोडंच आहे? अहो, मला काय माहीत असं होईल? रोज बघतो मी, किरकोळ प्रकरणात माणूस कबूल म्हणतो, समज मिळते, संध्याकाळी घरी. मला वाटलं, ह्यालाही सोडतील. आणि आत तो पहिल्यांदा म्हणाला ना, व्हय म्हाराजा, तेव्हा पहिला हसलो तो मी. चेष्टेनं नाही हो. सांगितलं तसं बोलला, म्हणून कौतुक वाटलं. मग बाकीचे हसले. मी हसलो नसतो तर साहेबांनी मान वर करून विचारलं असतं कदाचित, हा असं का बोलतोय — असं रोज वाटतं, रोज. पण हे कागदावर आलं तर चौकशी लागेल मला, मार्चमध्ये निवृत्ती आहे, तीस वर्षांत एक मेमो नाही माझ्या नावावर. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला सगळं लख्ख दिसतं. नुसती रीत सांगून चालणार नाही म्हणता? सरकारी वकील म्हणतील, रीत सगळ्या गावाला आहे, म्हणून सगळा गाव काय कबुली देत फिरतो? — हो, म्हणतील. तेच म्हणतील. कबुली रद्द होऊन ओरोसच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांपुढे जायचं तर कोणी तरी सांगायला हवं की त्याला हे शिकवलं होतं. आणि शिकवणारा मी एकटाच आहे.

पोलिसांची गाडी आली वाटतं. तीच. बसा, बसा, अजून पंधरा मिनिटं आहेत, साहेब जेवतायत. तो बघा उतरला. सदरा कुणाचा घातलाय त्याला, खांद्यावरून उतरतोय. किती वाळला हो दहा दिवसांत. आता ह्या पायऱ्या — थांबला का तो? पोलीस ओढतोय आणि हा खाली वाकतोय, काय पडलं —

चपला काढतोय.

चपला काढून कडेला लावल्यान, बघ गो. पायरीक हात लावन कपाळाक लायल्यान. हयसर येणारो एक माणूस चपला काढणा नाय, आणि ह्यो... तेका अजून वाटता, मी सांगलेला तसाच आसा. देवाच्या दारात इलो तो, शिक्षा घेवक.

लिही. पेन घे, बघत काय ऱ्हवलस. रीत-बीत मागसून घाल. पहिल्या ओळीत घाल — मी, गणपत, ह्या कोर्टाचो पट्टेवालो, आरोपीक असा बोलूक मीच सांगलंय, तेची अवस्था बघून सांगलंय, आणि साहेबांका सांगूक नाय. आणि हसलंय तां पण घाल. वाचून दाखवू नको माका. सही खंय करू?

हां. आता उठ, जा आत. माका तेचो पुकारो करूचो आसा.