फाटकापासून अठरा

(उत्तर आइसलंडमधल्या एका गावातलं गॅरेज. फेब्रुवारीची दुपार. जॅकवर चढवलेली जुनी जीप. केटिल मिस्त्री आणि जिपेची मालकीण स्टेनुन.)

केटिल : चव्वेचाळीस इंची टायर कशाला हवेत तुला? चाकांवरचा पत्रा कापावा लागेल, गिअर बदलावे लागतील. गाडीत चढायला शिडी लागेल ती वेगळीच.

स्टेनुन : गौतीच्या गाडीला आहेत.

केटिल : गौती बचाव पथकाचा म्होरक्या आहे, त्याला हिमनदीवर जावं लागतं. शिवाय त्याला उंचावरून बघायला आवडतं.

स्टेनुन : दिराला नावं ठेवायचा हक्क माझा आहे, तुझा नाही. बरं, मग काय घालू?

केटिल : अडतीस. आहेत त्याच मापाचे, फक्त नवे. हे दोन वर्षं एका जागी उभे राहून चिरलेत, बघ. रुंद घे, बाजूने मऊ घे. अरुंद टायर खाली जमीन शोधत जातो. पठारावर खाली जमीन लागतच नाही, नुसता बर्फ. तिथे वरच्या वर तरंगावं लागतं.

स्टेनुन : आणि हवा?

केटिल : रस्त्यावर पंचवीस पौंड. शेवटच्या शेताच्या फाटकाशी थांबायचं, तीनवर आणायची. इतक्या कमी हवेत टायर रिमवरून सुटतो, म्हणून मी गोंदाने चिकटवून देईन. मग किलोमीटरचा मीटर शून्यावर करायचा आणि निघायचं.

स्टेनुन : फिनबोगीही तिथेच शून्य करायचा.

केटिल : सगळेच करतात.

स्टेनुन : सगळ्यांना पुढचं मोजताही येतं. माझ्याच नवऱ्याला आलं नाही.

केटिल : कॉफी टाकू?

स्टेनुन : चौथ्यांदा विचारतोयस. आणि मी आल्यापासून एकदाही तोंडाकडे बघून बोलला नाहीस.

केटिल : टायर बघतोय.

स्टेनुन : काल पथकाच्या जेवणात कुणीतरी आपण पकडलेला मासा केवढा होता ते सांगत होतं. दुसरा म्हणाला, "हे काय फिनबोगीचे किलोमीटर आहेत का?" सगळे खो खो हसले. मी मागे उभी आहे हे दिसलं तेव्हा गप्प झाले. तू होतास तिथे.

केटिल : मी हसलो नाही.

स्टेनुन : नाही हसलास. ताटात बघत बसलास. हसले मी! काय करणार? गावात राहायचंय मला.

केटिल : गाढव आहेत मेले.

स्टेनुन : त्यांचं काय चुकलं? वायरलेसवर तो बोलला तेव्हा मी गौतीच्या शेजारी उभी होते. "फाटकापासून अठरा. ओढ्यावरचा बर्फ फुटला, भिजलोय, इंजिन बंद." शांतपणे बोलला, बंदरावर माशांचं वजन सांगायचा तसा. पथक रात्रभर अठराव्यावर बर्फात काठ्या खुपसत राहिलं. सकाळी वादळ निवलं तेव्हा गाडी दिसली बाविसाव्यावर. डॉक्टर म्हणाले, पहाटे चारपर्यंत जिवंत असावा.

केटिल : मला माहीत आहे, स्टेनुन.

स्टेनुन : सासूबाई अजून म्हणतात, "माझा मुलगा आकडा चुकणार नाही. वीस वर्षं बंदरात वजनं केली त्याने, ग्रॅमाचाही वाद झाला नाही कधी." गेल्या नाताळात मी वैतागले. म्हटलं, "चुकला तो! पोलिसांनी मीटर तपासला, बरोबर होता. मान्य करा एकदाचं." तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. एका घरात राहतो आम्ही. मीठसुद्धा मागत नाहीत.

केटिल : असं नको होतं बोलायला.

स्टेनुन : माहीत आहे. पण मी आज खरी आले ती टायरसाठी नाही. ही वही बघ. त्याच्या या जिपेच्या आसनाखाली सापडली. दर खेपेचं पेट्रोल आणि किलोमीटर लिहायचा.

केटिल : राहू दे ना आता.

स्टेनुन : बघ तर. आमच्या घरापासून खोऱ्यातल्या पंपापर्यंत. चौसष्ट. चौसष्ट. चौसष्ट. दहा वर्षं चौसष्ट. आणि ही शेवटची नोंद, जायच्या आदल्या दिवशीची. बावन्न.

केटिल : बावन्न.

स्टेनुन : म्हणजे आधीच त्याचं डोकं काम करेनासं झालं होतं. डोक्यात गाठ असेल, काहीतरी असेल. समोर बसून जेवत होता आणि मला दिसलं नाही. मी त्याला जाऊ दिलं, केटिल. वर डबा बांधून दिला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू त्याचा मित्र होतास, खरं सांग, तुला कधी वेगळा वाटला होता का तो?

केटिल : नाही.

स्टेनुन : मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

केटिल : त्याचं डोकं ठणठणीत होतं. बावन्नच दाखवले असतील मीटरने.

स्टेनुन : पंप काय जवळ आला होता?

केटिल : त्या आठवड्यात मी त्याला अडतीस इंची घातले. आधी एकतीस होते. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, आणि मीटर नुसत्या फेऱ्या मोजतो. म्हणून गिअरबॉक्समधली एक छोटी दातेरी चक्री बदलावी लागते. प्लॅस्टिकची असते, एवढीशी.

स्टेनुन : मग?

केटिल : ती माझ्याकडे नव्हती. राजधानीतून सोमवारी यायची होती. तोवर मी गाडीत चिठ्ठी चिकटवतो, दहाचे सव्वाबारा धर म्हणून. सगळ्यांच्या गाडीत चिकटवतो. त्या दिवशी राहिली.

स्टेनुन : अठराचे किती होतात?

केटिल : बावीस.

स्टेनुन : बाविसाव्यावरच होता तो.

केटिल : बस ना जरा.

स्टेनुन : मी उभी आहे ती ठीक आहे. विसरलास. माणूस विसरतो. मग तेव्हाच का नाही बोललास?

केटिल : विसरण्यावर थांबलं असतं तर बोललो असतो. शुक्रवारी त्याने फोन केला होता. म्हणाला, "केटिल, पंपापर्यंत बावन्नच आले, चक्री बदललीस ना?" माझ्याकडे पाहुणे होते. थंडीतल्या थोरी महिन्याचं सणाचं जेवण, शार्कची ताटं, दोन पेले पोटात. मी म्हटलं, "बदलली रे बाबा, तूच नीट बघितलं नसशील." लाज वाटली चार लोकांत, विसरलो म्हणायला. तो म्हणाला, "मग माझंच चुकलं असेल." आणि फोन ठेवला.

स्टेनुन : तो म्हणाला, माझंच चुकलं असेल.

केटिल : हो.

स्टेनुन : आणि पोलिसांनी मीटर तपासला तो?

केटिल : गाडी ओढून इथेच आणली होती. पोलीस दुसऱ्या दिवशी येणार होते. चक्री तोवर येऊन पडली होती, या टेबलावर. दहा मिनिटांचं काम आहे ते. दार आतून लावलं आणि बसवली. गौतीने मला विचारलं, सगळं ठीक होतं ना? मी हो म्हटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, तुझाही मित्र गेला. तो हात अजून जात नाही खांद्यावरून.

स्टेनुन : तुझ्या खांद्याचं मला सांगू नकोस! चार किलोमीटर, केटिल. पथक अठराव्यावर होतं रात्री अकरा वाजता.

केटिल : रोज मोजतो मी.

स्टेनुन : मोजत बस. मी दोन वर्षं त्याच्या थडग्याशी उभी राहून त्याला बोल लावलाय. म्हटलं, एवढा एक आकडा तरी नीट सांगायचास, मेल्या. आणि त्याने सांगितला होता. दिसला तो सांगितला. तुझ्यावर विश्वास ठेवून सांगितला.

केटिल : मला मार, काहीही कर. गॅरेज बंद करतो. आज पोलिसांत जातो, गौतीला सांगतो. गावाला सांगतो.

स्टेनुन : सांगशीलच. पण आधी नाही.

केटिल : मग आधी काय?

स्टेनुन : कोट घाल.

केटिल : कुठे जायचंय?

स्टेनुन : आमच्या घरी. या वेळी सासूबाई स्वयंपाकघरात असतात, खिडकीशी.

केटिल : त्यांच्यापुढे मला नाही जमणार, स्टेनुन. त्या मला दर नाताळात मोजे विणून पाठवतात.

स्टेनुन : मलाही जमणार नाहीये. तुझं बोलून झालं की मला माझं बोलायचंय. दोघं आहोत आपण.

केटिल : हात तरी धुऊ दे.

स्टेनुन : धू. पण वाटेत शब्द जुळवत बसू नकोस. आणि पुटपुटू नकोस. त्यांना आता कमी ऐकू येतं, मोठ्याने सांगावं लागेल.