सहावी बरणी

(दामिनी अमरावतीला, भाड्याच्या खोलीत. तिची आई साधना अकोल्याला, स्वयंपाकघरात. फोन स्पीकरवर, ओट्याला टेकवलेला. खाली पाटावर शेजारच्या पार्बताबाई पापडाच्या लाट्या करत बसलेल्या.)

आई : ...दुर्बिनीचं खोकं एक. क्रोशाच्या सुयांचा डबा एक. रंगाच्या बाटल्या अकरा, त्यातल्या नऊ उघडल्याच नाईत. साबनाचे साचे चार. बासरी एक. अन् माही बरनी एक.

दामिनी : कोणती बरणी?

आई : सहाच्या सेटमधली. दोन वर्षं झाले, मी पाचच मोजून राहिली. कामवालीवर आळ घेतला बिचारीच्या. निघाली कुठं, त तुह्या पलंगाखाली! आता लावली ओट्यावर लाइनीत शेवटी, सहाच्या सहा.

दामिनी : त्यातलं पांढरं फेकलं न?

आई : फेकू काहून? पापडखार कोनी फेकते का? तूच नेला असशील पहिल्या बरनीतला, तुह्या कोनत्या तरी भानगडीपायी.

दामिनी : आई, थांब. ते पापडखार नाही.

आई : मंग काय हाय?

दामिनी : कॉस्टिक सोडा. साबणासाठी आणला होता. कातडी जाळते तो. आई, आज तुमचे पापड चालू आहेत न?

आई : ...हो.

दामिनी : खार कोणत्या बरणीतला घेतला?

आई : मी नाई घेतला. पार्बताबाईनं घेतला.

पार्बताबाई : काय म्हन्ते पोरगी?

दामिनी : पार्बतामावशी, खार पहिल्या बरणीतून घेतला की शेवटच्या?

पार्बताबाई : आता सहा बहिनी एकसारख्या उभ्या, मी कोनाकोनाले ओळखू? हाताशी होती त्यातून घेतला. चमच्यानं घेतला बाप्पा, हात नाई घातला.

दामिनी : पावडर होती की चपटे तुकडे?

पार्बताबाई : चष्मा घरी राह्यला. पांढरं होतं, घेतलं.

दामिनी : कोणी पीठ खाल्लं का? आई? कोणी लाट्या खाल्ल्या?

पार्बताबाई : मी दोन खाल्ल्या. तेल लावून. पापडाच्या दिवशी लाट्या नाई खायाच्या त मंग कवा खायाच्या?

दामिनी : जीभ जळते का? घसा?

पार्बताबाई : चुनचुन त करते. पन मिरेबी टाकले हायेत न.

दामिनी : चूळ भरा. दोनदा-तीनदा. उलटी काढायची नाही, तोंडात बोट घालायचं नाही. तुमच्या पोराले, ललितदादाले, गाडी दारात आणायला सांगा.

पार्बताबाई : ललित! गाडी काढ रे! काहून काय काहून, काढ म्हटलं त काढ!

आई : मंग आमी निंगतोच सरळ दवाखान्यात.

दामिनी : गाडी येईपर्यंत मले सांग. खाराचं पाणी उरलं का काही?

आई : गंजात हाय वाटीभर.

दामिनी : गंज जर्मनचा की स्टीलचा?

आई : स्टीलचा.

दामिनी : ॲल्युमिनियमचा असता त कॉस्टिकनं फेस आला असता, भांडं काळं पडलं असतं. लगेच कळलं असतं. खार टाकल्यावर पाणी आपोआप तापलं का?

आई : गॅसवरच उकळत होतं व. आपोआप काय तापन?

दामिनी : शेवटची बरणी किती भरली आहे?

आई : अर्धी.

दामिनी : अर्धी.

आई : तू ठेवली तवा किती होती?

दामिनी : मले आठवत नाही.

आई : आठव न!

दामिनी : नाही आठवत, आई. मले खोबरेल तेलाचा वास आठवते, साचे आठवतात, पहिली वडी कशी तुटली ते आठवते. बरणी भरलेली होती की अर्धी, ते दिसूनच नाही राहिलं.

आई : कसं दिसन? नवं काही दिसलं की जुनं टाकून पळते तू. लहानपनापासून पाहून राहिली मी.

दामिनी : त्याचंच डॉक्टरनं सांगितलं न तुले, एडीएचडी म्हणून...

आई : ते चार अक्षरं आता नको सांगू मले! बाई बसली हाय माह्यासमोर लाट्या खाऊन!

दामिनी : म्हणून त मले भीती वाटून राहिली! नुसता आळस असता त कान पकडले असते, पुन्हा नाही करणार म्हटलं असतं. मी गोळ्या घेते, आठवणीसाठी भिंतीवर चिठ्ठ्या लावते, तरी हे डोकं हेच राहणार आहे. असंच आणखी कुठं काय ठेवून दिलं असंल मी, ते मलेच माहीत नाही.

आई : ...बरं. रडू नको. काय करू ते सांग.

दामिनी : साबणाच्या वेळी पट्ट्या आणल्या होत्या. पाण्यात बुडवून रंग पाहायच्या. काडेपेटीएवढं पुस्तक, पिवळी पानं. ते पाहिजे.

आई : साबनाच्या डब्यात साचे चार, बस्स. आत्ताच मोजले.

दामिनी : दुसरं काहीच नाही?

आई : नाई म्हन्ते न.

दामिनी : थांब. साबणाच्या डब्यात नसणारच ते. माहा साबण सुटला कधी? बासरी आली तेव्हा. कुरिअरवाला आला, मी हातात होतं ते घेऊनच दारात गेली. आई, बासरीच्या पिशवीत पाहा.

आई : बासरीच्या पिशवीत पट्ट्या कोन ठेवते?

दामिनी : मी ठेवते. पाहा!

पार्बताबाई : जाय साधना, लवकर जाय. मले आता हातबी थंडगार लागून राह्यले.

दामिनी : मावशी, माह्याशी बोलत राहा. घसा कसा आहे? थुंकी गिळता येते?

पार्बताबाई : येते. घशाचं काई नाई व पोरी, भेव पोटात बसलं हाय. ललितच्या पोरीचं लगन पाहाचं हाय मले अजून.

दामिनी : पाहाल. बोलत राहा.

पार्बताबाई : ते कवा करते काय मालूम. तेबी तुह्यासारखीच, आज हे उद्या ते.

आई : हाय! हाय दामिनी, बासरीच्याच पिशवीत! पिवळ्या पानाचं. अन् संग एक कागद हाय, मागून चिकट.

दामिनी : कसला कागद?

आई : तुह्यं अक्षर हाय. लाल पेनानं. ‘कॉस्टिक सोडा. धोका. हात लावू नये.’ हे बरनीवर पाह्यजे होतं, दामिनी.

दामिनी : हो.

आई : सांग, फुडं सांग.

दामिनी : एक पट्टी फाड. गंजातल्या पाण्यात टोक बुडव, लगेच काढ. कव्हरवर रंग आहेत, खाली आकडे आहेत. खिडकीपाशी जाऊन जुळव. पापडखार असंल त दहा-अकरा. चौदा आलं त गाडी थेट दवाखान्यात, पट्टी सोबत घेऊन.

आई : बुडवली. ...निळी होऊन राहिली. हिरव्याच्या फुडं गेली. दहा नाई. अकरा. अकराच हाय.

पार्बताबाई : अकरा म्हंजे? हाय मी, का गेली?

दामिनी : मावशी, अजून थोडं थांबा. पट्ट्या दोन वर्षं जुन्या आहेत. खराब झालेली पट्टी काहीही दाखवंल. ती चालते की नाही ते पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

आई : आता ते कसं पाहाचं?

दामिनी : शेवटच्या बरणीवर. तिच्यात कॉस्टिकच आहे, ते मले पक्कं माहीत आहे. तिथं चौदा दाखवलं त पट्टी चांगली, अन् मावशीचे अकरा खरे. हातात पिशवी घाल. स्टीलचा गिलास, पाव गिलास पाणी. आधी पाणी, मग चमच्यानं त्यातलं थोडं. तोंड दूर ठेव.

आई : टाकलं. ...दामिनी, गिलास गरम होऊन राह्यला. गॅसवर नाई, काई नाई, ओट्यावरच.

दामिनी : हो. आता नवी पट्टी घे. बोट पाण्याले लागू देऊ नको.

आई : बुडवली.

दामिनी : रंग?

आई : जांभळा. गर्द.

दामिनी : आकडा सांग, आई.

आई : चौदा.