पहिलवानाच्या काड्यापेट्या

शास्त्रज्ञ म्हणून मला डोक्यावर घेण्याआधी हे ऐका. पोटातल्या जंतांवर प्रबंध लिहायचा म्हणून मी सायकलला सूक्ष्मदर्शक बांधून जानेफळजवळच्या एका खेड्यात गेलो. शौचाच्या नमुन्यांसाठी वीस घरांत रिकाम्या काड्यापेट्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या भरून आल्या आणि प्रत्येकीत जंतांची अंडी! अख्खं गाव आजारी, म्हणजे माझा प्रबंध झालाच. मी खुशीत औषधाच्या वीस पुड्या बांधून सरपंचांकडे गेलो.

अख्ख्या गावाच्या पोटात जंत आहेत हे ऐकून सरपंचांचा चेहरा पडला. "असं कसं होईन, साहेब? गावाची इज्जत राहावी म्हणून आमी सगळ्यायनं आमच्या पयलवानाचंच भरून देलं होतं!"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागून पहिलवान म्हणाला, "मंग वीसच्या वीस पुड्या मलेच द्या ना!"