खोक्यातला हात

साल अठ्ठ्याण्णव, आणि मी तवा सत्तरीचा. म्हंजे अंदाजानं, आमच्या जल्माची नोंद कुणी ठेवलीया, आई म्हणायची गुऱ्हाळं सुरू झाली तवा तू झालास, एवढंच. गाव शिराळ्याच्या अलीकडं, घर गावाबाहेर, का ते तुमी समजून घ्या. शाळा म्हणाल तर दुसरी, ती बी भाईर पायरीवर बसून. पुढं फौजंत गेलो, तितं अक्षरं गिरवली, पेपर वाचतो, हळू वाचतो पर वाचतो. छप्पन साली धर्म बदलला, तवापास्नं कुणाच्या दारात मान खाली घालून हुबा ऱ्हायलो न्हाई, हे आदी लिवा.

तर माझी नात वैशाली, थोरल्या लेकीची, सांगलीला चित्रकला शिकली. तिनं नि तिच्या मैत्रिणींनी तितं एक हॉल घेतला आणि प्रदर्शन मांडलं, कशाचं, तर स्पर्शाचं. मी म्हणलं, पोरी, चित्रं बघत्यात, स्पर्श कसा बघायचा? ती म्हणली, आबा, तुमी या तर. गावची पोर म्हणून सरपंचानं जीप ठरवली, जीप भरून माणसं निघाली. त्या जीपमदी बाळासाहेब हुता, म्हणून मी एस्टीनं गेलो.

बाळासाहेबाचं नि माझं काय, ते आदी सांगतो, न्हाईतर पुढलं कळायचं न्हाई. मी सतरा वर्सांचा, त्याच्या बापाच्या गुऱ्हाळावर उसाच्या मोळ्या वाहायचो. मोळ्या न्यायच्या, चिपाडं वाळवायची, पर रस साठवायचं जे मांदण, त्याच्यापास्नं धा हात लांब. बाळू तवा धा-बारा वर्सांचा. मस्तीनं चरकात ऊस सारत हुता, उसाबरोबर बोटं गेली. बैलं चाललीत, पोरगं वरडतंय आणि समदी नुसती बघत्यात. मी मोळी टाकली, मांदणावरनं उडी घेतली, बैलं मागं रेटली, त्याचा हात काढला. दोन बोटांची चिंधी झालेली, ती अशी मुठीत दाबली, रगात थांबावं म्हणून, आणि तसाच त्याला घरापतुर पळवत नेला. दारात त्याची आई. सोड, शिवू नगंस, म्हणली, आणि काठीनं माझ्या मनगटावर हाणलं. मूठ सुटली. आदी पोराच्या डोक्यावर पाणी वतलं, मग वैद्याला बोलवाय माणूस धाडला. तिकडं गुऱ्हाळावर मांदणातला समदा रस मातीत वतला. रगात पडलं म्हणून न्हाई बरं का, मी त्याच्यावरनं गेलो म्हणून.

त्या दिसापास्नं त्या गुऱ्हाळाकडं पाय वळवला न्हाई आणि बाळूशी शब्द बोललो न्हाई. त्रेपन्न वर्सं. मोठा झाल्यावर त्यानं दोनतीनदा किसनदादा म्हणून हाक मारली, मी मान फिरवली. चूक त्या पोराची न्हवती, ठावं हुतं मला. पर हट्ट म्हंजे हट्ट.

तर त्या हॉलमदी एक कॉम्प्युटर, आणि त्याच्या काचंवर माझा हात! दिवाळीत वैशालीनं फोटू काढला हुता. बटण दाबलं की हात मिटतोय, परत दाबलं की उघडतोय. पोरंपोरी रांग लावून दाबत्यात. मी म्हणलं, माझा हात तर हितं हाय, मग ह्यो कुणाच्या हुकमानं मिटतोय? समदी हसली. वैशाली म्हणली, आबा, हितनं पुढं माणसं अशीच भेटणार, काचंतनं, कुणी कुणाला शिवणार न्हाई, तेच दावायचं हाय मला. मी म्हणलं, त्यात नवं काय गं, आमास्नी माणसं अशीच भेटत आली, लांबनं, मधी काच न्हवती एवढंच. काय सांगू तुमास्नी, तिचं उतरलेलं तोंड बघून मलाच कसंतरी झालं.

कोपऱ्यात एक पडदा, आणि पडद्याच्या मधोमध लाकडी खोकं, दोन्ही अंगाला भोकं. हिकडनं एकानं हात घालायचा, तिकडनं दुसऱ्यानं, कोण कुणाला दिसत न्हाई. वर पाटी, हात लावा. मी दोनदा वाचली. जल्मात अशी पाटी बघितली न्हवती. आणि माझं हात तर पाठीमागं. अनोळखी जागी गेलो की आपसूक जात्यात, फौजंत गेलो, धर्म बदलला, तरी जात्यात. वैशालीनं माझं मनगट धरलं आणि हात खोक्यात घातला.

आत कुणाचा तरी हात हुता, म्हाताऱ्याचा, खरबरीत. मी चाचपला, तर दोन बोटं अर्दीच. हात वडून घ्यावा म्हणलं, पर मूठ ऐकंना. ती त्या दोन बोटांवर मिटली, त्या दिवशी मिटली हुती तशीच, घट्ट.

पडद्यामागनं आवाज आला, किसनदादा?

मी मूठ सैल केली न्हाई.

आवं, बोला की. अशी मूठ दुसऱ्या कुणाची न्हाई.

मग तोच म्हणला, दादा, चरकात हात गेला तवाचं मला काय आठवत न्हाई. तुमी हात सोडला, तवा दुखाय लागलं.

मी म्हणलं, मी सोडला न्हवता. तुझ्या आईनं सोडवला.

व्हय, म्हणला, काठीनं. मी बघत हुतो. एक शब्द बोललो न्हाई.

ल्हान हुतास.

पुढं मोठा झालोच की, म्हणला.

मागनं एक पोरगी म्हणली, आजोबा, आमचा बी नंबर येऊ द्या, तवा हात काढला. पडदा वलांडून त्याचं तोंड बघाय गेलो न्हाई, एस्टी धरली आणि घर गाठलं. पोरीचं भलं हुवो. तिनं मांडलेलं समदं मला कळलं न्हाई, जे कळलं ते पुरं झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच्या गुऱ्हाळावर गेलो. चरक आता इंजनावर फिरतोय, मांदण मातर तितंच. बाळासाहेब बाजेवरनं उठला. कामाची माणसं हात थांबवून बघाय लागली. कुणी या म्हणायच्या आत मी मांदणाशी गेलो, पाठीमागं गेलेलं हात पुढं आणलं, तांब्या घेतला आणि कोपरापतुर बुडवून रस भरला. अर्दा मी प्यालो. ऱ्हायलेला त्याच्यापुढं धरला, त्याच वल्या हातानं, आणि तोंडाकडं बघत हुबा ऱ्हायलो. त्यानं तुटक्या बोटांनी तांब्या घेतला, एका दमात रिकामा केला. मग मी तितंच बसलो, मांदणातला रस समदा उकळाय काईलीत जाईपतुर बसलो, आणि मगच घरला आलो.