धानावानी दिसणारं तण

माझ्यावर सासऱ्यांचा विश्वास अगदी बसत आला होता, मीच तो एका तणापायी घालवला. मी साताऱ्याचा, गोंदियात विज्ञान शिकवतो. सासरे सालेकशाकडचे पोवार शेतकरी. आमचं लव्ह मॅरेज, त्यामुळे त्यांची माझ्यावर नजर चोरावर असावी तशी. मग मी त्यांच्यासारखा दुपट्टा गळ्यात टाकला, त्यांची बोली उचलली, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, तण निंदायलाही उतरलो.

तिथं सासरे वैतागले. "हे जंगली धान दरसाल उपटतो, तरी सरत काऊन नाही? पाहा ना, हुबेहूब धानावानी दिसते!"

मला विषयच मिळाला. "मामाजी, जे वेगळं दिसलं ते तुम्ही उपटलं. जे धानावानी दिसलं ते वाचलं, त्याचंच बी पडलं. पिढ्यान्‌पिढ्या असंच होऊन राहिलं. यालेच उत्क्रांती म्हणतेत."

त्यांचा हात थांबला.

"म्हणजे जो जास्तच आपल्यावानी दिसते, त्याच्यावरच ध्यान ठेवा लागते?"

"बराबर!" मी खूश.

त्यांनी माझ्या दुपट्ट्याकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"जावईबापू, तुम्ही आमच्यावानी कधीपासून बोलून राहिले?"